वांगी आली तर समजायचं

माझे वडील धरणगावजवळ कापूस पिकवायचे आणि मी धुळ्याच्या एका कॉलेजात गणित शिकवायचो. सुटीत घरी गेलो की ते ओट्यावर बसून न चुकता विचारायचे, "काय करस तू आते?" मी सांगायचो, पीएच.डी. करतोय. कशावर? हे सांगायचं म्हणजे आली पंचाईत. माझा विषय होता कोडिंग थिअरी. निरोप पाठवताना त्यात जास्तीची अक्षरं अशी मिसळायची, की वाटेत काही बिघडलं तरी घेणाऱ्याला मूळ निरोप शोधून काढता यावा. एवढंच ते शास्त्र. त्यातही माझं काम असं, की अमुक एका मापाची, कुठे फट न राहता चोख बसणारी निरोपांची मांडणी जगात असूच शकत नाही हे सिद्ध करायचं. वडिलांना एकदा हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, बिडी विझवली आणि म्हणाले, "नही शे ना? मंग सोड ना."

मी सोडलंही असतं. पण सर होते.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. जळगावला शिकवायचे, तिथेच राहायचे. दोन्ही जिल्ह्यांत मिळून माझं काम समजणारी माणसं दोन, एक सर आणि एक मी, आणि माझ्याबद्दल मला स्वतःलाच खात्री नव्हती. दर शनिवारी दुपारची बस पकडून मी कागद घेऊन त्यांच्याकडे जायचो. ते ओट्यावर बसून वाचायचे, मध्येच खिशातला खडू काढून फरशीवरच काहीतरी लिहायचे आणि काकू आतून ओरडायच्या, की आत्ताच पुसलंय.

सरांची छाती दुखायची. डॉक्टरांनी त्यांना सायकल बंद करायला सांगितली, तर त्यांनी डॉक्टर बंद केला. मला याची धास्ती होती, आणि उगाच साधुपणाचा आव कशाला आणू, ती माझ्यासाठी होती. माझ्या प्रबंधातल्या तिसऱ्या प्रकरणात काहीतरी खटकतंय असं सर म्हणत होते, पण काय ते त्यांनाही बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. सर गेले असते तर ते प्रकरण बरोबर की चूक हे सांगणारं एसटीच्या टप्प्यात कोणी उरलं नसतं. मी मग आयुष्यभर एक नसलेली गोष्ट घेऊन बसलो असतो.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मरणाची बातमी आमच्याकडे कोणी सरळ सांगत नाही. माणूस गेला की निरोप जातो, "तब्येत जराशी नरम शे, निंघी या." ऐकणारा काय ते समजतो, चुलीवरचं उतरवतो, शेजारणीला ढोरांकडे बघायला सांगतो आणि रडत निघतो. त्याला वाटेत कोणी विचारलं तर तोही हेच सांगतो, की नरम शे म्हणतात. पिढ्यान् पिढ्या हे बिनचूक चाललेलं होतं. अडचण एकच, आणि मी निरोपांच्या शास्त्राचा विद्यार्थी असून ती माझ्या कधी डोक्यात आली नव्हती. ज्याची तब्येत खरोखरच जराशी नरम असेल, त्यानं काय करायचं?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होतो. जळगाव–धुळे बसचा कंडक्टर, जो सर आणि काकूंच्या ओळखीचा होता, दारात येऊन उभा राहिला. टोपी काढली, काखेत धरली.

"सरनी तब्येत जराशी नरम शे," तो म्हणाला. "काकूनी सांगेल शे, निंघी या."

आमचे विभागप्रमुख शेजारीच होते. त्यांनी चष्मा काढला. "अरेरे. कधी?"

"सकायलेच," कंडक्टर म्हणाला.

झालं. विभागप्रमुखांना गणितापेक्षा शोकसभा चांगली जमायची. पाहूरकडचा माणूस, आवाज भरदार, आणि मजकूर तयारच असायचा. घंटा झाली, वर्ग सुटले, मुलं पटांगणात उभी राहिली. त्यातल्या एकानंही सरांना पाहिलेलं नव्हतं, पण सगळी गुमान उभी राहिली, कारण पुढचा तास इंग्रजीचा होता. मी रडत होतो. मधूनमधून मला तिसरं प्रकरण आठवत होतं आणि मग जास्तच रडू येत होतं.

एका तरुण प्राध्यापकानं सुचवलं, की शेजाऱ्यांकडे ट्रंक कॉल लावून खात्री करून घेऊ या. सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो कोकणातून आलाय हे पुन्हा आठवलं. विचारणार काय? गेले का म्हणून? आणि गेले नसतील तर काय म्हणणार, बरं मग ठेवतो?

सरांची एकुलती मुलगी साक्रीच्या पुढे एका शाळेत शिकवायची. तिला धुळ्यावरूनच कळवायचं, म्हणजे ते काम माझ्याकडे आलं. मी साक्रीच्या बसच्या कंडक्टरला निरोप सांगितला, तोच, नरम शे, निंघी या. तिच्यासाठी मी आणखी काही शब्द शोधले नाहीत. शोधायची गरजच वाटली नाही.

कॉलेजची जीप मिळून निघेपर्यंत दुपार टळली. विभागप्रमुखांनी पाच कंदिलाच्या चौकात मोठा हार घेतला. ते सगळ्या रस्त्यानं मांडीवर कागद ठेवून भाषण सुधारत होते, कारण जळगावचे लोक जास्त असणार. जीप सरांच्या गल्लीत वळली, आम्ही पांढऱ्या कपड्यांतले सातआठ जण खाली उतरलो, आणि पाहतो तर सर ओट्यावर खुर्चीत बसून मुगाचं कढण पीत होते.

त्यांना रात्री ताप आला होता. सकाळी उतरला. रजा टाकलेलीच आहे, तर बसून तिसरं प्रकरण बघून टाकू, म्हणून त्यांनी काकूंना सांगितलं, त्याला बोलावून घे. काकूंनी जे खरं होतं तेच कंडक्टरला सांगितलं. तब्येत जराशी नरम होती. मी निघून यायचं होतं. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

जीपसमोर कोणी हलेना. हार विभागप्रमुखांच्या हातात. पण माणूस तयारीचा. ते पुढे झाले आणि त्यांनी तो सरळ सरांच्या गळ्यात घातला. "सर, आपल्या ज्ञानसेवेबद्दल विभागातर्फे हा छोटासा सत्कार," म्हणाले, आणि खिशातून कागद काढला. एवढं सुधारलेलं भाषण वाया कसं घालवायचं? 'होते'चं त्यांनी जागच्या जागी 'आहेत' केलं. 'त्यांच्या जाण्याने' इथे मात्र ते अडकले, थोडा घसा खाकरला, आणि 'त्यांच्या जाण्यायेण्याने आमच्या विभागाला फार लाभ होतो' असं म्हणून पार झाले. सर कढणाची वाटी धरून ऐकत होते. कधी नव्हे ते कोणीतरी त्यांच्याबद्दल चांगलं बोलत होतं, त्यामुळे त्यांनीही मध्ये तोंड घातलं नाही.

तेवढ्यात कोपऱ्यावरून सरांची मुलगी, आमची ताई, आली. दोन बायांनी तिला दोन्हीकडून धरलेलं. तिला लांबून दिसलं ते एवढंच, की पांढऱ्या कपड्यांतली माणसं उभी आहेत आणि तिचे नाना, म्हणजे आमचे सर, हार घालून खुर्चीत बसवलेले आहेत. आमच्याकडे काही समाजांत तसं बसवतातही. तिनं हंबरडा फोडला आणि येऊन त्यांच्या पायांवर पडली.

"अगं हळू," नाना म्हणाले, "कढण सांडेल."

तिला जी भोवळ आली ती तेव्हा आली. मग तिच्यासाठी लिंबू पाणी, आमच्यासाठी चहा, असं करत काकूंची संध्याकाळ गेली. मी सरांच्या समोर बसलो होतो, आणि मला त्यांना हात लावून पाहावंसं वाटत होतं. लावला नाही. आमच्यात तसं नव्हतं.

माणसं पांगल्यावर सर माझ्यावरच चिडले. "लाज वाटली पाहिजे आपल्या दोघांना. जन्म घातला निरोप पोचवण्याच्या शास्त्रात, आणि मला ताप आलाय एवढं जळगावहून धुळ्याला पोचत नाही?"

मी म्हटलं, सर, कंडक्टरला सरळ सांगून ठेवू, तसं काही झालं तर तसंच सांग.

"कोणता कंडक्टर सांगेल? पारोळ्यापर्यंत त्याची जीभ जड होईल आणि धुळ्यात तो 'नरम शे'च म्हणेल. त्याचा दोष नाही." ते खडू काढून फरशीवर रेघा मारू लागले. "असा निरोप पाहिजे, की जो सांगायला कोणाला संकोच वाटणार नाही. आणि एरवी या घरातून तो कधीच जाणार नाही." थोडा विचार केला आणि म्हणाले, "वांगी."

आता सर वांगं खात नसत. घशात खाज सुटायची. जळगावात राहून वांगं न खाणारा माणूस म्हणजे लोक एकदा वळून पाहतात. लग्नकार्यात भरताची पातेली फिरू लागली की सर ताटावर हात आडवा धरायचे आणि यजमानाचा चेहरा पडायचा.

"माझ्या हयातीत या घरातून वांगं बाहेर जाणार नाही," ते म्हणाले, "कारण आतच येणार नाही. तेव्हा वांगी पाठवलीत असा निरोप आला, की समजायचं मी गेलो. दुसरं काहीही आलं तर मी जिवंत. नरम, गरम, काही म्हणोत."

काकू आतून म्हणाल्या, "भलतंसलतं बोलू नका." पण त्यांनी ऐकलं होतं. निदान मला तसं वाटलं.

मी त्या रात्री धुळ्याला परतलो तो एकदम निर्धास्त. आम्ही दोन उंटावरचे शहाणे, आमचं ठरलेलं होतं.

त्यानंतरच्या थंडीत, भरताच्या ऐन मोसमात, तोच कंडक्टर स्टाफरूमच्या दारात आला. या वेळी टोपी डोक्यावरच होती. त्यानं एक फुगलेली कापडी पिशवी टेबलावर ठेवली. "सरकडनं वांगी," म्हणाला आणि गाडी लागलीय म्हणून निघून गेला.

पिशवीत खरोखरची वांगी होती. हिरवी, पांढऱ्या रेघांची, भरताची. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला ओक्साबोक्शी रडू आलं.

शिपाई धावत आला. सहकारी जमले. काय झालं, काय झालं? काय सांगणार? वांगी आली. "किडकी आहेत का?" एकानं विचारलं. दुसरा एकेक वांगं दाबून पाहू लागला. शिपायानं हळूच सुचवलं, की मैदानामागे कपाशीच्या वाळक्या काड्या आहेत, भाजून टाकू या का. मी त्याच्या अंगावर खेकसलो. तो बिचारा पिशवीपासून लांब जाऊन उभा राहिला.

एक शंका माझ्याही मनात आली होती, नाही असं नाही. ठरलं होतं ते शब्दांचं. खरी वांगी कशाला? पण त्याचंही उत्तर मी स्वतःच काढलं. काकूंनी वांगी पाठवली म्हणून निरोप द्यायचा, आणि कंडक्टरच्या हातात काहीच ठेवायचं नाही, हे खानदेशातल्या बाईच्यानं होणारच नाही. घरात माणूस पडलेला असताना त्या माउलीनं कोणाला तरी बाजारात धाडून निवडून वांगी आणवली असणार, या विचारानं मी आणखीच कोसळलो. शिकलेल्या माणसाची बुद्धी एकदा चालायला लागली की तिला आवरणं कठीण.

विभागप्रमुखांना मी काही सांगितलं नाही. वांग्यांवरून शोकसभा घ्या म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? रजेचा अर्ज टाकला आणि स्टँडवर गेलो. पिशवी बरोबर घेतली. ती तिथे ठेवली असती तर माझ्यामागे तिचं भरीत झालं असतं. गाडीत तोच कंडक्टर. पिशवीकडे पाहून म्हणाला, "परत ली जाई राहिनात का?" मी मान हलवली. त्याला वाईट वाटलेलं दिसलं. त्यानं तिकीट फाडून दिलं आणि पुन्हा माझ्याशी बोलला नाही.

गल्लीत गर्दी नव्हती. मला वाटलं, उशीर झाला, सगळे पुढे गेले. ओट्यावर पाय ठेवला आणि दार उघडून सर बाहेर आले. हातात खडू.

"परत का आणलीस?" ते म्हणाले. "खराब निघाली?"

मी पायरीवर खाली बसलो. पिशवी कलंडली, वांगी गल्लीत गडगडत गेली. सर काही न समजून माझ्याकडे पाहत राहिले, आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. ते गुडघ्यावर हात ठेवून माझ्या शेजारी पायरीवर बसले. धुळ्यापासून जळगावपर्यंतच्या रस्त्यात मला तिसऱ्या प्रकरणाची एकदाही आठवण झाली नव्हती. ते मला तिथे बसल्यावर कळलं.

झालं होतं एवढंच, की एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी शेतातून पोतंभर वांगी आणून टाकली होती. सर खात नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं. काकूंनी गल्लीत वाटली, साक्रीला मुलीकडे पाठवली आणि धुळ्याला माझ्याकडे. ठरलेलं त्यांना आठवलंही नाही. पुरुषांची बडबड त्या एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायच्या, आणि त्यांचं बरोबरच होतं.

"चूक तिची नाही," सर म्हणाले. "मी खात नाही, म्हणून घरात वांगं येणार नाही असं मी धरून चाललो. बाहेरून कोणी आणून टाकेल हे धरलंच नाही." मग ताडकन उठले, छातीवर हात ठेवून आत गेले आणि माझा प्रबंध घेऊन आले. "तिसऱ्या प्रकरणात तू हेच केलंयस, गाढवा. आतून तयार होत नाहीत त्या मांडण्या तू काढून टाकल्यास. बाहेरून येणारी एक जात राहिलीच की."

आणि खरंच राहिली होती. ती गळती बुजवायला मला पुढे दोन उन्हाळे लागले. त्या संध्याकाळी काकूंनी भरीत-पुरी केली, सरांनी पिठलं खाल्लं. ताईला नंतर ही हकिगत कळली तेव्हा ती हसून हसून बेजार झाली. पुढे दर दिवाळीला ती सगळ्यांसमोर सांगायची, "दादा तिकडे नाना गेले म्हणून रडताहेत, आणि मी इकडे तीच वांगी भाजून शेजारणींना जेवायला घातलं." सरही हसायचे. त्या हसण्यात एक गोष्ट मात्र राहून गेली. ठरलेलं मोडलं असं आमच्या दोघांपैकी कोणी कधी म्हटलं नाही.

प्रबंध पूर्ण झाला. मी डॉक्टर झालो हे सांगायला गावी गेलो तेव्हा वडिलांनी विचारलं, "नही शे हाई पक्कं व्हयनं?" मी हो म्हटलं. "बरं व्हयनं," ते म्हणाले आणि कापसाचं बोलू लागले.

नव्वदीत ठिकठिकाणी एसटीडीची बूथ झाली. कॉलेजात प्राचार्यांच्या खोलीत फोन होताच, पण आता तो वाजायलाही लागला होता. एका सकाळी मला तिथे बोलावणं आलं. फोनवर सरांचे शेजारी होते. सरांकडे जाताना नेहमी दिसायचे, चांगली ओळख.

"सरांची तब्येत जरा नरम आहे," ते म्हणाले. "तुम्ही निघून या."

मी विचारलं, "नरम म्हणजे नरमच ना?"

पलीकडे बूथवाल्याचा रेडिओ ऐकू येत होता. "तुम्ही निघा ना भाऊ," ते म्हणाले. "अन् साक्रीला ताईंना तुम्हीच कळवा."

सर सकाळी आंघोळीला म्हणून उठले आणि मोरीपर्यंत पोचले नाहीत, हे मला नंतर कळलं. पण गेले हे मला तेव्हाच कळलं होतं. त्या निरोपात कुठेही काही बिघडलेलं नव्हतं.

मी चालत स्टँडवर गेलो. ताईच्या शाळेत फोन नव्हता. साक्रीची गाडी फलाटाला लागलेली होती. सगळ्या वाटेनं मी ठरवत होतो, की या वेळी खरं काय ते सांगायचं. मागच्या वेळी मी तिला फुकट रडवलं होतं. मी शिकलेला माणूस, या विषयातला डॉक्टर, दोन शब्दांचा निरोप. कंडक्टर खिडकीतून वाकला. "काय सांगू ताईले?"

मी तोंड उघडलं. ती वर्गात असेल. फळ्याकडे तोंड, हातात खडू. तिथून साक्रीपर्यंत मिळेल ते वाहन, मग धुळ्यापर्यंत एसटी, एकटीच.

"सांगा," मी म्हटलं, "नानानी तब्येत जराशी नरम शे. निंघी या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि मान हलवली.

मी स्टँडवरच तिची वाट पाहत बसलो. ती दुपारी उतरली. डोळे कोरडे होते, पिशवी छातीशी घट्ट धरलेली. आम्ही जळगावच्या गाडीत बसलो. पारोळा गेल्यावर तिनं विचारलं, "दादा, नरमच ना?"

"हो," मी म्हटलं.

एरंडोलपर्यंत ती बाहेर पाहत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं आणि नानांचं ठरलं होतं ना, वांगी आली तर समजायचं. मला तर वांगी आली नाहीत. तुम्हाला आली?"

"नाही," मी म्हटलं. "नाही आली."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिनं माझा हात धरला, आणि जळगाव येईपर्यंत सोडला नाही.